हाडपेर बघणारे काका

काका कुणाशी हस्तांदोलन करत नसत. ते मनगट धरत. समोरच्याने हात पुढे केला की त्याच्या पंजाला वळसा घालून काकांचा अंगठा आणि मधलं बोट थेट मनगटाभोवती जाऊन बसे, आणि ती दोन बोटं एकमेकांना कितपत भेटतात ते पाहून ते मान हलवत. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा नुसता सराव असे. खरं काम मुलांवर चाले. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसतो. तिथे आरती झाली की प्रसादाच्या टेबलाकडे रांग लागे, आणि टेबलाच्या जरा अलीकडे खुर्ची टाकून काका बसलेले असत. आधी मनगट, मग प्रसाद.

"पाच-आठ," ते होणारी उंची जाहीर करत. "पाच-नऊ म्हणू नका. पाच-आठ."

मुलाची आई हिरमुसून पुढे सरके. एखादीला "सहा क्रॉस करेल, दूध वाढवा" असं ऐकायला मिळे. तिच्या चेहऱ्यावर जो प्रसन्न भाव उमटे, तो काही गणपतीकडे पाहून आलेला नसे.

हाडपेर हा काकांचा शब्द. "खेळ शिकवता येतो, हाडपेर शिकवता येत नाही," हे वाक्य ते दर भेटीत एकदा तरी म्हणत, आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणत. त्यांची स्वतःची उंची पाच-चार होती, बुटांसकट. ते कधीही कुठलाही खेळ खेळलेले नव्हते. आमच्यातल्या एका आगाऊ माणसाने एकदा त्यांना तसं विचारलंही. काका म्हणाले, "सोनाराने दागिने घालून बघायचे असतात का?" यावर उत्तर असणार हे मला तेव्हाही माहीत होतं, पण ते सुचेपर्यंत काका पुढच्या मनगटाकडे गेले होते.

निवृत्त होण्याआधी ते एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची तपासणी करत. वजन, आकार, रंग बघायचा आणि वेगळी दिसणारी गोळी बाजूला काढायची. बाजूला काढण्याचा नाद त्यांना तिथेच लागला असावा. नोकरीच्या जोडीला ते लग्नं जुळवत. न्यू जर्सीतल्या मराठी लोकांत एके काळी त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. त्यांनी जुळवलेली लग्नं ते स्वतः सांगत, मोडलेली दुसरं कुणीतरी सांगे. पुढे इथली मुलं आपली लग्नं आपणच जुळवायला लागली. मग अशी बातमी आली की पार्सिपनीतल्या कुणाचा तरी मुलगा तलवारबाजीच्या जोरावर एका मोठ्या कॉलेजात शिरला. झालं. ज्या घरांत मुलगा उन्हात गेला तर काळा होईल म्हणून काळजी करत, त्या घरांत तलवारी आल्या, वल्ही आली, कसले कसले मुखवटे आले. काकांनी ही हवा ओळखली आणि बास्केटबॉल निवडला. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यात उंची लागते. उंची मला कळते."

टीव्ही बघून त्यांनी तीन शब्द उचलले. लेंग्थ, मोटर आणि अपसाइड. लेंग्थ म्हणजे हातांची लांबी. मोटर म्हणजे न दमता धावण्याची ताकद. अपसाइड हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. मुलगा आज काहीच करत नाही, पण पुढे कधीतरी करेल असं आईवडिलांना वाटत राहतं, याला अपसाइड म्हणतात. हा शब्द ऐकून कुणीही नाराज होऊन घरी गेल्याचं मला आठवत नाही.

आणि एवढं सगळं असून काका मॅच बघायला जात नसत. हे ते लपवतही नसत, उलट तत्त्व म्हणून सांगत. "मॅच बघून काय कळतं? त्या दिवशी पोरगं चांगलं खेळलं तर चांगलं वाटतं, वाईट खेळलं तर वाईट वाटतं. मत स्वच्छ राहत नाही." पालक मुलांच्या खेळाचे व्हिडिओ घेऊन येत. काका ते चालू अवस्थेत कधीच बघत नसत. ते व्हिडिओ थांबवत. मुलाचा हात पूर्ण वर गेलेला क्षण शोधून तिथे थांबवत, खिशातून प्लास्टिकची पट्टी काढून लॅपटॉपच्या पडद्यावर लावत आणि स्वतःशी पुटपुटत. चेंडू बास्केटमध्ये गेला की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. एका आईने हौसेने पुढचं बघायला लावलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, ते नशिबाचं झालं. मी हाडाचं बघतोय."

या काकांच्या हाती मैत्रेयी लागली.

मैत्रेयीचा बाप सतीश हा माझा विद्यार्थिदशेतला रूममेट. आता आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. सतीश हुशार माणूस. एका विमा कंपनीचा सगळा डेटा त्याच्या हाताखाली असतो. पण घरासाठी साधा पंखा घ्यायचा तरी तो आठवडाभर लोकांची मतं वाचतो, आणि शेवटी ज्याने सगळ्यात ठासून लिहिलंय त्याचं ऐकतो. त्याची बायको नीलिमा कोल्हापूरची, उंच माणसांच्या घराण्यातली. मुलगी सहावीत असतानाच आईच्या वर गेली. तेव्हा काका लग्न जुळवण्याच्या धंद्यातून पुरते बाहेर पडले नव्हते. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"नीलिमा, हिच्या दोरीच्या उड्या आजपासून बंद. पाच-सातला थांबली तर ठीक. पुढे गेली तर मुलगा कुठून आणायचा? मुलगी आहे की विजेचा खांब?"

नीलिमाने खरोखर दोरी गॅरेजमध्ये लपवली. मैत्रेयी ती शोधायला गॅरेजमध्ये गेली तेव्हा तिला दोरी नाही सापडली. आधीच्या घरमालकाने टाकून दिलेला एक बास्केटबॉल सापडला. तिच्या खेळाचं श्रेय काकांना द्यायचंच असेल तर ते एवढंच देता येईल.

नववीत ती सहा-एक झाली आणि शाळेच्या संघात फॉरवर्ड म्हणून खेळायला लागली. फॉरवर्ड म्हणजे बास्केटच्या जवळ राहायचं, अंगाला अंग घासत जागा धरून ठेवायची, हुकलेला चेंडू परत येईल तेव्हा तो दुसऱ्याच्या आधी झेलायचा. लोकांना टाळ्या वाजवायला लावणारं हे काम नाही. ती ते मनापासून करायची. घरी कमी बोलायची, आणि बोलली तर इंग्रजीत बोलायची, पण काकांशी मात्र मोडकंतोडकं मराठीच बोलायची, कारण तिला तसं शिकवलं होतं. ती चांगली खेळते असं सगळीकडून कानावर यायला लागलं तसे काका परत तिच्या घरी अवतरले. पुन्हा मनगट. "मी म्हणालो होतो," ते म्हणाले. काय म्हणाले होते हे कुणी विचारलं नाही. नीलिमाने चहा टाकला.

मग तिचं रीतसर मूल्यमापन झालं. काकांची पद्धत अशी की मुलीचं हाडपेर मामाकडून येतं, तेव्हा मामा बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. त्यामुळे एका रविवारी सकाळी आम्ही सगळे सतीशच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलो. टीव्हीवर कोल्हापूरचा मामा होता. तो बँकेत कॅशियर. त्याच्या तिकडे संध्याकाळ होती. बिचारा बनियनवर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि मामी स्टुलावर चढून टेप धरून होती.

"टाचा टेकवा! टाचा!" काका टीव्हीवर ओरडत होते.

"टेकवल्यात हो. पण हे कशासाठी चाललंय?"

"सिलेक्शनसाठी."

"कुणाच्या?"

"मैत्रेयीच्या."

मामा हळूच म्हणाला, "नीलिमा, एवढ्यात? अगं शाळेत आहे ना ती अजून?" लग्नाचा विषय नाही हे त्याला पटवायला बराच वेळ गेला. मग त्याचं मनगट कॅमेऱ्यासमोर आलं. काकांनी पट्टी लावली. मैत्रेयी या सगळ्या वेळात सोफ्याच्या टोकाला बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिला मॅचला जायचं होतं. "काका, मी जाऊ?" तिने विचारलं. काकांनी टीव्हीवरची नजर न काढता हात हलवला. मुलगी मॅच खेळायला गेली आणि तिच्या खेळाचं मूल्यमापन मागे चालू राहिलं.

निकाल असा लागला की मुलगी पहिल्या फळीची आहे, म्हणजे ज्या कॉलेजांत खेळावर पूर्ण शिक्षण फुकट होतं, त्यांच्या लायकीची. हा निकाल योगायोगाने बरोबर होता. तीन कॉलेजं तिच्या मागे होती. त्यांपैकी दोन लहान होती. काकांनी ती पहिल्याच बैठकीत उडवली. "किरकोळ ठिकाणी बोलणी ठेवली की भाव उतरतो. त्यांना उत्तरंच देऊ नका." मैत्रेयीने त्या दोन कोचना उत्तरं देणं बंद केलं. म्हणजे बापाने सांगितलं म्हणून बंद केलं. राहिलं पेनसिल्व्हेनियातलं एक कॉलेज. तिला तेच हवं होतं. तिथली कोच बाई उन्हाळाभर तिच्या प्रत्येक मॅचला येऊन कोपऱ्यात एकटी बसायची. मैत्रेयी आईला सांगायची, "शी वॉचेस माय फीट, आई. बाकी सगळे बॉल बघतात."

ऑक्टोबरात ती कोच घरी यायची ठरली. घरी येणं म्हणजे जवळजवळ पक्कं, असं सगळे म्हणत होते. सतीशने काकांना बोलावलं आणि मलाही बोलावलं. मला का, तर माझं इंग्रजी बरं आहे म्हणून. तिथे माझ्या इंग्रजीची गरज कुणालाच पडली नाही.

काकांनी दुपारपासून दिवाणखान्याचा ताबा घेतला होता. कोच कुठे बसणार, सतीश कुठे, मध्ये कोण, हे त्यांनी ठरवलं. कोचची खुर्ची खिडकीसमोर. "उजेड तिच्या तोंडावर पाहिजे, आपल्या नाही." नीलिमाने पोह्यांची तयारी केली होती, ती त्यांनी रद्द केली. "पोहे नकोत. फार उघड दिसतं. साबुदाणा वडे करा." मग मैत्रेयीला बोलावून सांगितलं, "ट्रे तू घेऊन यायचास. सावकाश. चालणं दिसतं."

"काका, शी हॅज सीन मी रन," मैत्रेयी म्हणाली. "खूप वेळा."

"धावणं वेगळं, चालणं वेगळं."

कोच आली. चाळिशीची, उंच, साधी बाई. तीन तास गाडी चालवून आली होती. दारात बूट काढताना आपले मोजे फाटके आहेत हे पाहून ती हसली, मैत्रेयीही हसली, आणि मला वाटलं, काम झालं. काकांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. ती जरा चपापली. तिने साबुदाणा वडे खाल्ले, आणि आणखी मागून घेतले. मैत्रेयी सहा फूट एक इंचाची, मांडीवर मोकळा ट्रे घेऊन खाली मान घालून बसली होती, काकांनी सांगितल्याप्रमाणे.

मग कोचने खाणं बाजूला ठेवलं आणि सरळ बोलली. ती काय बोलली ते मी इथे मराठीत सांगतो, पण तिने एक शब्दही फिरवून सांगितला नाही. माझ्याकडे यंदा फॉरवर्डची एकच जागा आहे. मी दोन मुलींना तीच ऑफर दिली आहे. दोघीही मला आवडतात, पण मैत्रेयी जास्त. जी आधी हो म्हणेल तिला जागा मिळेल. मला कुणावर दबाव आणायचा नाही, पण लपवायचंही नाही. एवढं सांगून ती आईबापांकडे नाही, मुलीकडे वळली. "तुला काय वाटतं?"

मैत्रेयीने तोंड उघडलं. तिने आधी बापाकडे पाहिलं. बापाने काकांकडे पाहिलं.

"वुई विल लेट यू नो," काका म्हणाले.

कोच म्हणाली, अर्थात, पण मला मैत्रेयीचं मत...

"शी विल ऑल्सो लेट यू नो."

मैत्रेयी तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. आम्ही खिडकीतून पाहत होतो. कोच गाडीचं दार उघडून बराच वेळ तशीच उभी राहिली. काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबली असावी. मैत्रेयीने हात मिळवला आणि परत आली. तिला बाहेर काहीही बोलायची मनाई होती.

"अरे सतीश," मी म्हणालो, "फोन कर त्या बाईला. अजून कोपऱ्यावर असेल. हो म्हणून टाक."

"तुझं लग्न कसं झालं रे?" काकांनी मला विचारलं.

"रजिस्टर."

"मग तू यात बोलू नकोस." ते सोफ्यावर मागे टेकले. इतके सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "दुसरी मुलगी आहे म्हणे! अहो, दुसरी कुणी नसते. आयुष्यभर मी हेच सांगत आलो. मुलाकडचे लगेच हो म्हणत नसले की मी सांगायचो, दुसरीकडूनही विचारणा आहे हो, घाई करा. कुठली विचारणा? जो लगेच हो म्हणाला तो खाली आला. तीन-चार दिवस जाऊ देत. ती स्वतः फोन करेल. आणखी काहीतरी देईल."

"आणखी काय देणार?" नीलिमा म्हणाली. "सगळंच फुकट आहे ना?"

"देतात. विचारलं की देतात. नंबर मागा. जर्सीवर तिला हवा तो नंबर."

मैत्रेयी ट्रे धुऊन बाहेर आली. तिने सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, कॅन आय प्लीज जस्ट से येस?"

सतीश म्हणाला, "उद्या बोलू, बेटा."

काकांचं एक म्हणणं खरं ठरलं. कोचने स्वतः फोन केला. एकदा सतीशला, एकदा नीलिमाला. काकांच्या सांगण्यावरून दोघांनी तो वाजू दिला. मुलीच्या फोनवरही निरोप आला होता. तो तिने आईला दाखवला, आणि आईने फोन आपल्याकडे ठेवून घेतला. सतीश त्या दिवसांत मला बाहेर भेटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काकांचंच ते सुख होतं. कुणीतरी आपल्याला मागे लागून मागतंय, ही चव त्याने पहिल्यांदा चाखली होती. विमा कंपनीत असं कुणी करत नाही.

अखेर काकांनी मुहूर्त दिला तेव्हा सतीशने फोन लावला, स्पीकरवर. मी होतो. कोच दुसऱ्याच शब्दाला रडवेली झाली. दुसऱ्या मुलीने आदल्या संध्याकाळी हो सांगितलं होतं. कोचने शब्द दिला होता, तो ती मोडणार नव्हती. ती परत परत म्हणत होती, मी तुमच्या उत्तराची वाट पाहत होते. शेवटी तिने विचारलं, मैत्रेयी आहे का तिथे? मैत्रेयी पुढे आली, "थँक यू, कोच," म्हणाली, आणि मग बोटाने फोन बंद केला, कारण पुढचं तिला सगळ्यांसमोर बोलायचं नसावं.

काकांनी फोनकडे बघत मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे दुसरी मुलगी खरंच होती. हे तिने नीट सांगायला हवं होतं."

माणूस चुकला की शरमतो, असा आपला एक समज असतो. काकांनी तो खोटा ठरवला. दुसऱ्याच आठवड्यात ते मंडळाच्या दिवाळी फराळाला सांगत होते, "पूर्ण स्कॉलरशिप घेऊन दारात आले होते, मी थांबवलं." यातलं फक्त 'थांबवलं' तेवढं लोकांच्या कानात राहिलं. एवढी मोठी गोष्ट थांबवणारा माणूस म्हणजे काय अधिकाराचा असेल! नेपरव्हिलहून दिवाळीला आलेल्या एका जोडप्याने तिथल्या तिथे आपल्या मुलाचं मनगट पुढे केलं. काकांनी डोळे मिटले. "लेंग्थ आहे," ते म्हणाले. ती आई चकलीची बशी तशीच हातात धरून उभी राहिली.

सतीशच्या घरी मात्र शांतता होती. ज्या दोन लहान कॉलेजांना उत्तरं दिली नव्हती त्यांच्या जागा भरल्या होत्या. मैत्रेयीने स्वतः बसून त्या दोन्ही कोचना पत्रं लिहिली आणि वाट पाहायला लावल्याबद्दल माफी मागितली. दोघांनीही छान उत्तर दिलं, आणि नाही म्हणाले. तिला सरकारी विद्यापीठात जीवशास्त्राला प्रवेश मिळाला. त्या संघात तिच्यासाठी जागा नव्हती. चांगलं विद्यापीठ आहे, नीलिमा सांगायची. हो, चांगलंच आहे. शाळेचा मोसम संपला की मैत्रेयीचा बास्केटबॉल संपणार होता, एवढाच काय तो फरक.

फेब्रुवारीत शाळेतली तिची शेवटची मॅच होती. त्याआधी काका एकदा सतीशकडे चहाला आलेले असताना मैत्रेयी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही मला कधीच खेळताना पाहिलं नाही. शेवटची मॅच आहे. या ना." मी तिच्या आवाजात टोमणा शोधत होतो. तो नव्हता. तिला खरंच त्यांनी यावं असं वाटत होतं, आणि ते का, हे मला आजही कळलेलं नाही.

काका आले. घरून उशी आणली होती, बाक कडक असतात म्हणून. सुरुवातीला शेवटच्या वर्षाच्या मुलींना आईवडिलांसोबत मैदानात बोलावलं आणि फुलं दिली. नीलिमा रडली. सतीशने उगाच छताकडे पाहिलं. मग खेळ सुरू झाला आणि काका बोलायला लागले. "एवढी का धावते? उंच मुलीने जागेवर उभं राहायचं असतं." "तिला का दिला चेंडू? स्वतः टाकायचा ना!" आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं.

पण मग ते बोलायचे थांबले. मला खेळातलं फार कळत नाही, तरी त्या दिवशी मैत्रेयी काय करत होती ते माझ्यासारख्यालाही दिसत होतं. चेंडू जिथे पडणार तिथे ती आधीच उभी असायची. दुसरी मुलगी मोकळी व्हावी म्हणून तिच्यामागे येणारीच्या वाटेत ती आपलं अंग आणून ठेवायची, धक्का खायची, आणि चेंडू त्या दुसरीच्या हातातून बास्केटमध्ये जायचा. एकदा हुकलेल्या चेंडूसाठी चौघीजणी उड्या मारत असताना तिने तो एका हाताने वरच्या वर उचलला, मागे न बघता मागच्या मुलीला दिला आणि लगेच दुसऱ्या टोकाकडे धावत सुटली. सगळं सभागृह उभं राहिलं. काका उभे राहिले. त्यांची उशी खाली पडली, ती मी उचलली. पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्यांनी काढली नाही.

मॅच त्यांनी जिंकली. संपल्यावर मैत्रेयी घामाने निथळत आमच्याकडे आली. मैत्रिणींना मिठ्या मारून तिचे डोळे लाल झाले होते. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. तीही बघत होती.

काकांनी तिचं मनगट धरलं नाही. नुसतं तिच्याकडे पाहिलं. "पोरीत दम आहे," ते सतीशला म्हणाले. मग मनापासून दुःखाने म्हणाले, "त्या कोच बाईला नजरच नाही."

मैत्रेयीने पाण्याची बाटली तोंडापासून खाली घेतली. "काका, शी केम टू एव्हरी गेम. पूर्ण समर. ती रोज बघायची मला."

"तेच तर सांगतोय," काका म्हणाले. "रोज रोज बघून नजर मरते. मी बघ, एकदाच पाहिलं."

मैत्रेयीने बॅग खांद्याला अडकवली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. पार्किंगमध्ये मी माझ्या गाडीकडे वळलो तेव्हा सतीश धावत पुढे जाऊन आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून उभा होता. "काका, तुम्ही पुढे बसा." काका बसले. सीटचा खटका शोधून त्यांनी ती पार शेवटपर्यंत मागे नेली आणि ऐसपैस पाय पसरले. पाय समोर कशालाच टेकले नाहीत. त्यांच्या मागच्या सीटवर मैत्रेयी गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती, आणि काका मागे न वळता तिला दार नीट लावून घ्यायला सांगत होते.